गार्नेटबाईंची सत्तर पुस्तके

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



व्याख्यान द्यावे अशी आमची काही योग्यता नाही. आम्ही बँकेतले कारकून. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजावयाचे आणि संध्याकाळी लोकल पकडून घरी यावयाचे, एवढाच आमचा व्याप. कला शाखेची पदवी आहे, वाचनाची थोडी सवय आहे, त्या बळावर कार्यवाहांनी आम्हाला उभे केले. विषय विचारला तेव्हा आम्ही कॉन्स्टन्स गार्नेट या इंग्रज बाईचे नाव सांगितले. कार्यवाह भिडस्त आहेत, काही बोलले नाहीत. पण या बाईंचा आपल्या मुलांशी काय संबंध, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला स्पष्ट दिसला. तेव्हा आधी आमचा आणि या बाईंचा संबंध कसा आला ते सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरी नुकतीच लागली होती. पगाराच्या दिवशी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळण्याचा आम्हाला नाद होता. तिथे तीस रुपयांत चेकॉव्ह या रशियन लेखकाच्या कथांचे एक इंग्रजी पुस्तक मिळाले. पाठकोरे झालेले, कोणीतरी चहा सांडलेले. त्यात 'वांका' नावाची पाच-सहा पानांची कथा होती. नऊ वर्षांचा अनाथ मुलगा मॉस्कोत एका चांभाराकडे काम शिकायला ठेवलेला. नाताळच्या आदल्या रात्री मालक-मालकीण बाहेर गेल्याचे पाहून तो गावाकडच्या आजोबांना पत्र लिहितो : मला इथून घेऊन जा, हे लोक मारतात, पोटभर खायला देत नाहीत. पत्र पुरे होते, आणि पाकिटावर पत्ता म्हणून तो 'गावाकडे, आजोबांना' अशा अर्थाचे काहीतरी लिहितो, थोडा विचार करून आजोबांचे नाव घालतो, आणि तिकीट न लावताच पेटीत टाकून येतो. आम्ही ठाण्याला उतरावयाचे ते कळव्याला गेलो.

त्या वर्षी आपल्या तरुण मंडळींचा एक हस्तलिखित अंक निघायचा होता. आम्ही त्यासाठी 'वांका' मराठीत करावयाला घेतली. चार पाने झाली. मग एका विद्वान गृहस्थांना ती वही दाखविली. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांनी विचारले, तुम्हाला रशियन येते काय? आम्ही म्हणालो, नाही, इंग्रजीवरून केले आहे. ते म्हणाले, मग हे उष्ट्याचे उष्टे झाले. शिवाय ज्या बाईंच्या इंग्रजीवरून केलेत त्या चुकांसाठी प्रसिद्ध आहेत. आम्हाला फार लाज वाटली. वही कपाटात गेली आणि अकरा वर्षे तिथेच राहिली. या बाई कोण हे शोधावयाचे सुचले ते त्याच लाजेतून, पण फार उशिरा.

कॉन्स्टन्स ब्लॅक यांचा जन्म १८६१ सालच्या डिसेंबरात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन गावी झाला. आठ भावंडांत सहावे अपत्य. लहानपणी हाडाचा क्षय झाला, त्यामुळे पहिली कित्येक वर्षे अंथरुणात गेली. डोळेही जन्माचेच कमजोर. वडील वकिली पेशातले, गावात प्रतिष्ठा असलेले. पण १८७३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. दोन वर्षांनी आई गेली. कशी गेली हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. पांगळ्या नवऱ्याला खुर्चीवरून उचलून बिछान्यावर ठेवले, आणि त्या श्रमाने तिचे हृदय बंद पडले. कॉन्स्टन्स तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या.

अशा घरातल्या मुलीने सतराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळविली आणि केंब्रिजच्या न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात त्या लॅटिन व ग्रीक शिकावयास गेल्या. १८८३ मध्ये शेवटच्या परीक्षेत प्रथम वर्ग मिळाला. पण पदवी मिळाली नाही. विद्यार्थी मित्रांनो, इकडे लक्ष द्या. केंब्रिजमध्ये त्या काळी मुलींना परीक्षेला बसता येई, वर्ग जाहीर होई, पण पदवी देत नसत. पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी द्यावयास त्या विद्यापीठाने सुरुवात केली १९४८ साली. गार्नेटबाई वारल्या १९४६ साली. म्हणजे ज्यांची पुस्तके जगभरच्या विद्यापीठांतून लावली गेली त्या बाई अखेरपर्यंत बिनपदवीच्याच राहिल्या. आपल्यापैकी कोणाला शाळा-कॉलेजच्या दारात अडवले गेल्याच्या गोष्टी घरी ऐकावयास मिळाल्या असतील, त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे लंडनला येऊन त्यांनी मुलींना घरी शिकविण्याची नोकरी केली, आणि मग शहराच्या पूर्व भागात पीपल्स पॅलेस म्हणून संस्था होती तिथल्या ग्रंथालयात ग्रंथपाल झाल्या. पूर्व लंडन म्हणजे गोदी कामगारांची, शिवणकामावर पोट भरणाऱ्या बायांची वस्ती. तिथे कामगारांसाठी वाचनालय चालविणे हे साधे काम नव्हे. त्यांची थोरली बहीण क्लेमेंटिना ही तर स्त्री कामगारांच्या संघटनेत पुढारी होती. तिने १८८८ साली फेबियन सोसायटीपुढे स्त्रियांच्या मजुरीवर भाषण केले. ते ऐकावयास ॲनी बेझंट बसल्या होत्या, त्याच पुढे आपल्याकडे आल्या त्या. त्या बैठकीत आगपेटीच्या कारखान्यातल्या मुलींचे हाल कळले, बेझंटबाईंनी त्यावर लेख लिहिला आणि त्या मुलींचा गाजलेला संप झाला. हे विषयांतर झाले. पण भाषांतर करणारी माणसे कोणत्या घरांतून येतात ते पाहावे म्हणून सांगितले.

१८८९ मध्ये त्यांचे एडवर्ड गार्नेट यांच्याशी लग्न झाले. हे गृहस्थ प्रकाशकांकडे आलेली हस्तलिखिते वाचून मत देण्याचे काम करीत. त्या धंद्यात त्यांचे मोठे नाव झाले, पण पैसा बेताचाच.

आता रशियन भाषा कशी आली ते पाहू. रशियन ही स्लाव्ह कुळातली भाषा. पोलिश, झेक, बल्गेरियन, सर्बियन या तिच्या बहिणी. इंग्रजीशी तिचे नाते दूरचे, लिपी वेगळी, आणि नामाच्या विभक्त्या आपल्या मराठीसारख्या शब्दाला चिकटून येणाऱ्या. त्या काळच्या इंग्लंडात ती शिकणारे फार थोडे. लंडनमध्ये मात्र झारच्या राज्यातून पळून आलेले अनेक राजकीय निर्वासित होते. त्यांतले फेलिक्स वोल्खोव्स्की हे सैबेरियाच्या हद्दपारीतून निसटून अमेरिकामार्गे लंडनला पोचलेले गृहस्थ. १८९१ च्या उन्हाळ्यात गार्नेटबाईंना दिवस गेले होते, एकोणतीस वर्षांच्या होत्या, तेव्हा वोल्खोव्स्कींनी त्यांना रशियन शिकविण्यास आरंभ केला. बाळंतपणाची वाट पाहता पाहता त्या शब्दकोश घेऊन बसल्या. आपल्या घरांतून बाईला दिवस गेले की अभ्यास प्रथम बंद होतो. इथे तो सुरू झाला.

वोल्खोव्स्कींनी त्यांची ओळख सर्गेई स्टेपन्याक यांच्याशी करून दिली. या माणसाविषयी खरे तेच सांगितले पाहिजे. १८७८ साली सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यात त्याने झारच्या गुप्त पोलिसांच्या प्रमुखाला खंजिराने ठार मारले होते आणि तो देश सोडून पळाला होता. आम्हाला ही गोष्ट पचावयास जड गेली, अजूनही जाते. पण बाईंच्या भाषांतराच्या कामाला बळ दिले ते याच माणसाने. तो त्यांच्याबरोबर बसून ओळ न् ओळ मुळाशी ताडून पाही, आणि तुर्गेनेव्हच्या पहिल्या खंडाला प्रस्तावना त्यानेच लिहिली. १८९५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये रेल्वेचे रूळ ओलांडताना तो गाडीखाली सापडून मेला. त्यानंतर त्याची पत्नी फॅनी बाईंना मदत करू लागली.

शिकावयास लागल्यापासून तीन वर्षांच्या आत, १८९४ मध्ये, त्यांची दोन भाषांतरे छापून बाहेर पडली : गोंचारोव्हची एक कादंबरी, आणि टॉल्स्टॉयचे देवाचे राज्य माणसाच्या अंतरात आहे असे सांगणारे प्रसिद्ध पुस्तक. हे दुसरे पुस्तक निघाले तेव्हा त्या इंग्लंडात नव्हत्या. दोन वर्षांचेही न झालेले मूल घरी ठेवून त्या ऐन हिवाळ्यात रशियाला गेल्या होत्या. सेंट पीटर्सबर्ग, मॉस्को पाहिले, टॉल्स्टॉयची भेट झाली. आपले आणखी धार्मिक लेखन बाईंनी इंग्रजीत आणावे असे टॉल्स्टॉयच्या मनात होते. एवढ्या मोठ्या माणसाने सांगितल्यावर दुसरा कोणी सगळे टाकून तेच करीत बसला असता. यांनी तुर्गेनेव्ह हाती घेतला होता, परत येऊन त्या तुर्गेनेव्हच करीत राहिल्या. १८९९ पर्यंत त्याचे पंधरा खंड झाले.

१८९६ पासून त्या केंट परगण्याच्या कडेला रानाजवळ बांधलेल्या एका घरात राहू लागल्या. बागकामाचा त्यांना फार नाद. डी. एच. लॉरेन्स हा लेखक तरुणपणी या घरी येत असे. त्याने लिहून ठेवले आहे ते असे की, बाई बागेत बसून झपाझप भाषांतर करीत, पान झाले की वर न पाहता ते जमिनीवर टाकीत, आणि पानांचा ढीग गुडघ्याला लागेल एवढा होई. डोळ्यांपुढे हे चित्र आणा. आमच्या बँकेत जुन्या काळी व्हाउचरांचा असा ढीग पडत असे.

पण डोळे. १९०१ मध्ये 'ॲना कॅरेनिना' झाले. मग त्यांनी टॉल्स्टॉयची युद्ध आणि शांती यांवरची ती प्रचंड कादंबरी घेतली. बाराशेच्या वर पाने. ती १९०४ मध्ये बाहेर पडली, पण ते काम करताना त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. वाचणे अशक्य झाले. दुसऱ्या कोणाचे काम इथे थांबले असते, आणि त्याला कोणी दोष दिला नसता. त्यांनी कामाची पद्धत बदलली. दुसऱ्या रशिया भेटीत एर्टेल नावाच्या एका रशियन लेखकाच्या घरी त्यांची त्याच्या मुलीशी ओळख झाली होती. ही नताली १९०६ मध्ये शिकावयास लंडनला आली. पुढे ती नताली डडिंग्टन या नावाने स्वतःही चांगली भाषांतरकार झाली. नताली रशियन वाक्य मोठ्याने वाची, बाई ऐकत, आणि इंग्रजी वाक्य तोंडी सांगत, ते उतरवून घेतले जाई. म्हणजे पुढची निम्म्याहून अधिक पुस्तके या बाईंनी डोळ्यांनी नव्हे तर कानांनी भाषांतरित केली आहेत असे म्हटले तरी चालेल.

आणि कोणती पुस्तके! १९१२ ते १९२० या काळात दोस्तोव्हस्कीचे बारा खंड. त्यांतला पहिला 'करमाझोव्ह बंधू'. तोपर्यंत इंग्रजी वाचकाला दोस्तोव्हस्की जवळपास नावानेच ठाऊक होता, तो आता घरोघर गेला. मधल्या काळात पहिले महायुद्ध येऊन गेले, तरी काम चालूच. १९१६ ते १९२२ चेकॉव्हच्या कथांचे तेरा खंड, त्यांत दोनशेच्या आसपास कथा, आमची 'वांका' त्यांतलीच. आणि वर नाटकांचे दोन खंड. मग गोगोलचे सहा, हर्झनच्या आठवणींचे सहा. १९३४ मध्ये तुर्गेनेव्हची तीन नाटके छापून झाली आणि बाईंनी लेखणी ठेवली. तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. एकूण खंड सत्तरांच्या घरात. आम्ही एकदा बसून हिशेब केला : चाळीस वर्षे धरली तरी दर सात महिन्यांना एक खंड पडतो. घर, मूल, बाग, आजारपण आणि अधू डोळे सांभाळून.

या पुस्तकांनी काय केले याचे एकच उदाहरण देतो. हेमिंग्वे हा अमेरिकन लेखक १९२० नंतरच्या काळात पॅरिसमध्ये गरिबीत राहत होता. एका पुस्तकाच्या दुकानातून तो रशियन कादंबऱ्या उसन्या आणून वाची. त्याने पुढे लिहिले आहे की टॉल्स्टॉयची ती मोठी कादंबरी त्याला आधी अनेकदा प्रयत्न करूनही वाचवेना, गार्नेटबाईंचे भाषांतर हाती आले तेव्हा वाचवली. आपल्याकडे काय झाले ते तर आम्ही फुटपाथवर पाहिलेच आहे. मॉस्कोहून छापून येणारी मराठी पुस्तके एके काळी स्वस्तात मिळत, १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला तेव्हा तीही आटली. आम्ही कॉलेजात गेलो तोवर ती रद्दीच्या दुकानांतच दिसत. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. त्या देशातल्या लेखकांविषयी आपल्या वस्त्यांत जे प्रेम उत्पन्न झाले ते रशियन भाषा शिकून नव्हे, भाषांतरांवरच.

आता त्या विद्वान गृहस्थांचा आक्षेप. तो खोटा नाही, हे आम्ही आज कबूल करतो.

बाईंच्या भाषांतरांवर टीका करणारे लहानसहान लोक नव्हते. नाबोकोव्ह हे रशियात जन्मलेले कादंबरीकार अमेरिकेत प्राध्यापक होते. ते वर्गात बाईंचीच आवृत्ती घेऊन शिकवीत आणि तिच्या समासात रागारागाने दुरुस्त्या करीत. चुकोव्स्की या रशियन लेखकाचे म्हणणे असे की दोस्तोव्हस्की म्हणजे ज्वालामुखी, बाईंनी त्याची कापून सारखी केलेली हिरवळ करून टाकली. नोबेल पारितोषिक मिळालेले कवी ब्रॉड्स्की यांची तक्रार तर फारच बोचरी : इंग्रजी वाचकाला टॉल्स्टॉय आणि दोस्तोव्हस्की यांच्यातला फरक कळत नाही, कारण तो दोघांनाही वाचत नाही, तो गार्नेटबाईंना वाचतो. बाई घाईने काम करीत, एखादा शब्द किंवा वाक्यांश लागला नाही तर तो सोडून पुढे जात, हेही खरे आहे. स्वतः बाईंचे मत असे होते की दोस्तोव्हस्की लिहिताना इतका निष्काळजी आहे की त्याला थोडे स्पष्ट केल्यावाचून भाषांतरकाराला राहवत नाही. आम्हाला हे पटत नाही. लेखक अडखळत बोलत असेल तर त्याचे अडखळणेही वाचकापर्यंत आले पाहिजे. मालकाच्या खात्यात कारकुनाने स्वतःच्या समजुतीने नीटनेटकेपणा करावयाचा नसतो.

हे सारे वाचल्यावर आम्ही वही कपाटातून काढली. म्हटले, चुका तर चुका, आपल्या कथेत किती आहेत ते तरी पाहू. 'वांका'ची दुसरी दोन इंग्रजी भाषांतरे मिळवून ती बाईंच्या भाषांतराशी ओळीने ताडून पाहिली. रशियन शिकलेल्या एका ओळखीच्या माणसाला मूळ शब्द विचारले. बहुतेक ठिकाणी बाई बरोबर निघाल्या. आमचाच जीव भांड्यात पडला. पण एका जागी अडलो. मालकाच्या बाळाचा पाळणा हलवता हलवता वांकाला झोप लागते म्हणून मालक त्याला केसांना धरून अंगणात ओढतो आणि कशाने तरी मारतो. बाईंनी लिहिले आहे ते बूट ताणून मोठा करण्याच्या लाकडी अवजाराने. आम्ही मराठीत तेच घेतले होते. मूळ रशियन शब्द आहे 'श्पांदिर', आणि त्याचा अर्थ चांभार आपल्या मांडीवर जोडा घट्ट धरून ठेवण्यासाठी जो पट्टा अडकवितो तो.

आम्हाला असा पट्टा असतो हेच ठाऊक नव्हते. आमच्या स्टेशनबाहेर एक म्हातारे गृहस्थ चपला शिवावयास बसतात. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि विचारले, बाबा, जोडा मांडीवर हलू नये म्हणून काही बांधता का? त्यांनी आमच्याकडे जरा संशयाने पाहिले, की हा बँकेतला माणूस कर्जाच्या चौकशीला आला की काय! मग म्हणाले, हल्ली कोण बांधतो, पण आमचे वडील बांधायचे, चामड्याची वादी, मांडीवरून घेऊन पायाखाली दाबायची. आणि न विचारताच पुढे म्हणाले, काम चुकले की तीच वादी काढून मला मारायचे.

त्या म्हाताऱ्यांना चेकॉव्ह ठाऊक नाही, गार्नेटबाई ठाऊक नाहीत. पण कथेतला तो मार त्यांनी खाल्लेला आहे. लाकडी अवजार लिहिले असते तर कथा त्यांना वाचून दाखविल्यावर ते तिथेच म्हणाले असते, असे नसते हो. ही चूक एका शब्दाची आहे, पण ज्याने ते काम केले आहे त्याच्या दृष्टीने लहान नाही. विद्वानांचा राग आम्हाला त्या दिवशी प्रथम कळला. तो पुस्तकी राग नव्हता.

आणि तरीही आम्ही बाईंना सोडले नाही, त्याचे कारण सांगतो. त्यांच्या एका शब्दात चूक आहे हे आम्हाला कळले ते त्यांनी बाकीची कथा आमच्या हातात दिली म्हणून. ती चूक शोधावयास लागणारी ओढही त्यांच्याच भाषांतराने लागली. आमच्या शाखेत आम्ही लागलो तेव्हा अजून जाड लेजरे होती. मोठे साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, इथे खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. पान फाडायचे नाही. गार्नेटबाईंच्या बाबतीत पुढच्यांनी हेच केले आहे. केंट आणि बेर्बेरोव्हा या दोघांनी १९६५ मध्ये त्यांचे 'ॲना कॅरेनिना' घेऊन दुरुस्त केले, मॅटलॉ या प्राध्यापकांनी १९७६ मध्ये 'करमाझोव्ह बंधू' दुरुस्त केले. नवी स्वतंत्र भाषांतरेही झाली, १९९० मधले 'करमाझोव्ह'चे एक फार नावाजले गेले. पण जुने पान फाडले गेलेले नाही. बाईंची भाषांतरे आज आपल्या देशात कोणालाही छापता येतात आणि ती छापली जात आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एकाने अभ्यासिकेत आम्हाला विचारले होते की माझे इंग्रजी कच्चे आहे, मोठी पुस्तके मी मूळ भाषेत वाचू शकणार नाही, मग वाचून काय उपयोग. त्या वेळी आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. आज एवढेच सांगतो की रशियन यावयास लागल्यावर तिसऱ्या वर्षी ज्या बाईंनी पुस्तक छापले त्यांचेही रशियन तेव्हा कच्चेच होते. म्हणून स्टेपन्याकला शेजारी बसवून घेतले होते. तू इंग्रजीचे पुस्तक घेऊन ये, आम्ही शेजारी बसतो. आमचेही काही फार पक्के नाही.

गार्नेटबाईंची शेवटची वर्षे एकाकी गेली. १९३७ मध्ये पती वारले. हृदय दुबळे झाले, धाप लागे, कुबड्यांवर चालावे लागे. १९४६ च्या १७ डिसेंबरला त्याच रानाजवळच्या घरात त्या गेल्या. दोन दिवसांनी त्यांना पंचाऐंशी वर्षे पुरी व्हावयाची होती.

आमची 'वांका' आता पुरी झाली आहे. वही संस्थेच्या ग्रंथालयात ठेवली आहे, ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी ग्रंथपालांकडे मागावी. तिसऱ्या पानावर 'लाकडी अवजार' या शब्दांवर आडवी रेघ आहे, वर 'चामड्याची वादी' असे लिहिले आहे आणि बाजूला आमची सही आहे. त्याखाली एक अंगठाही दिसेल. तो त्या म्हाताऱ्या बाबांचा. कथा ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःहून शाई मागितली.